उंबऱ्याच्या आत, उंबऱ्याच्या बाहेर

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. उपस्थित नसलेल्या सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



दरवर्षी या मेळाव्यात आपण बक्षिसे वाटतो, जमाखर्च वाचतो आणि जेवून घरी जातो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की जेवणाआधी थोडे कडू बोलावे. विषय आहे आपल्या राजकीय मतांचा. निवडणुकीत मत कोणाला द्यावे हे सांगायला आम्ही उभे नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे. प्रश्न त्याच्या आधीचा आहे. सरकारने आपल्या आयुष्यात किती शिरावे आणि कुठे थांबावे, याबद्दल आपली काही ठाम मते आहेत का? असतील, तर ती आपलीच माणसे सत्तेवर आल्यावरही टिकतात का?

आपल्यापैकी बहुतेक घराणी पेडणे आणि डिचोली तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहात आलेली. या भूमीत ही मते पुस्तकांतून आली नाहीत. नार्व्याला जाऊन श्रीसप्तकोटेश्वरासमोर उभे राहा. हा देव मूळचा नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज राजवटीने देवळे पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी देव उचलला, नदी ओलांडली आणि डिचोली महालात आणला, कारण डिचोली त्या वेळी त्यांच्या अंमलाबाहेर होती. 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. गोव्यात 1560 साली आलेले इन्क्विझिशन कायमचे बंद व्हायला 1812 साल उजाडले. राजसत्ता देवघरात शिरली की माणसाला घरदार टाकून नदी ओलांडावी लागते, हा धडा आपल्या पूर्वजांनी पायांनी गिरवला आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या राजकारणाची पहिली ओळ उंबऱ्यावर लिहिलेली आहे. उंबऱ्याबाहेर रस्ता, पाणी, चोराचा बंदोबस्त, न्यायनिवाडा ही सरकारची कामे, आणि ती त्याने चोख करावीत. उंबऱ्याच्या आत आमचा देव, आमची भाषा, आमचे मत आणि आमच्या कष्टाची मिळकत. तिथे यायचे तर सरकारनेही दार वाजवावे, कायद्याचा कागद दाखवावा आणि काम झाले की परत जावे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पेडणे आणि डिचोली नव्या काबिजादीत गेली आणि पोर्तुगीज अंमल आपल्याही दारात आला. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले तेव्हा हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळाला. मराठी वृत्तपत्रे निघाली, वाचनालये आणि शाळा उभ्या राहिल्या. पण सालाझारची राजवट आली, 1930 चा वसाहतविषयक कायदा आला, आणि पुन्हा दोर आवळला गेला. सभा घ्यायची तर परवानगी, छापायचे तर सेन्सॉर. लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जाई, ही गोष्ट जुन्या माणसांनी आपल्याला किती वेळा सांगितली असेल! मुलीचे लग्न आपले, मुहूर्त आपला, आणि पत्रिकेवर शिक्का सरकारचा.

18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी जी सभा घेतली, तिच्यातली मागणी आज आपण विसरलो आहोत. ती मागणी नागरी स्वातंत्र्याची होती. चार माणसांनी एकत्र जमावे, मनात आहे ते बोलावे, छापावे आणि त्यासाठी कोणाच्या पाया पडावे लागू नये, एवढेच. आणि एवढेच त्या राजवटीला सोसणारे नव्हते.

ते किती सोसणारे नव्हते, याचे उदाहरण म्हापशाचे आहे. 17 फेब्रुवारी 1954 रोजी एका खाजगी मेजवानीत कोणी वक्ता गोवा म्हणजे पोर्तुगालच आहे, अशा अर्थाचे बोलला. डॉ. पुंडलीक गायतोंडे त्या पंगतीत होते. म्हापशाच्या रुग्णालयातले नावाजलेले शल्यविशारद, पोर्तुगालात शिकलेले, पत्नीही पोर्तुगीज. गप्प बसले असते तर काहीच बिघडले नसते. पण त्यांनी जागेवरून निषेधाचा एक शब्द उच्चारला. त्या एका शब्दापायी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालात नेण्यात आले. ना सभा, ना मोर्चा, ना पत्रक. जेवणाच्या टेबलावरचा एक शब्द! जे सरकार एवढ्या एका शब्दाला घाबरते ते आतून किती पोकळ असते, हे त्या दिवशी गोव्याने पाहिले.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला आल्फ्रेड आफोन्स यांच्या तुकडीने आपल्या पेडण्यातल्या तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकावला. हाती शस्त्र नव्हते आणि पुढे तुरुंग आहे हे ठाऊक होते. पुढच्या वर्षी 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग तिथे पडले. त्या तरुणाचे पेडण्यात घर नव्हते, शेत नव्हते, नातेगोते नव्हते. पत्रादेवीच्या स्मारकावर आपण दरवर्षी फुले वाहतो. ती वाहताना स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. ही माणसे कशासाठी मेली? पोर्तुगीज साहेबाच्या खुर्चीत आपला साहेब बसावा, इतक्यासाठी? की उठल्याबसल्या परवानगी मागण्याचा जाच संपावा म्हणून?

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. खरी परीक्षा तिथून पुढे सुरू झाली. परक्याच्या सरकारला मर्यादा घालावी असे कोणालाही वाटते. आपल्या सरकारला घालावी असे वाटणारा विरळा.

मित्रहो, या परीक्षेत आपण एकदा उत्तम उत्तीर्ण झालो. तीही आठवण सांगितली पाहिजे. 1963 साली पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. सरकार विलीनीकरणवाद्यांचे होते. पेडणे आणि डिचोली तर विलीनीकरणाचे बालेकिल्ले. मग जनमत कौल घ्यायचे ठरले. विरोधकांनी म्हटले, मुख्यमंत्री खुर्चीत असताना कौल निष्पक्ष होणार नाही. मामलेदार त्यांचे, पोलीस त्यांचे, गाड्या त्यांच्या. त्यांचे म्हणणे चुकीचे होते काय? आम्ही तेव्हाही विलीनीकरणाच्या बाजूचे होतो आणि आजही त्या मताची आम्हाला लाज वाटत नाही, तरी सांगतो, त्यांचे म्हणणे रास्त होते. डिसेंबर 1966 मध्ये भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत कौल झाला.

16 जानेवारी 1967. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. आपल्या तालुक्यांनी भरभरून फुलाला मते दिली. पण साऱ्या गोवा, दमण, दीवचा निकाल लागला तेव्हा दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली. 34,021 मतांनी आपण हरलो. त्या संध्याकाळी आपल्या किती घरांत चूल पेटली नसेल! आणि तरीही आपल्या वडिलधाऱ्यांनी तो निकाल मानला. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याशी बोलणे टाकले नाही. मार्च 1967 मध्ये निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा सत्तेवर बसवले.

जिंकण्यासाठी सत्ता वापरता आली असती, तिथे सत्ता खाली ठेवावी लागली. ती विरोधकांच्या आग्रहाने आणि दिल्लीच्या संमतीने ठेवली गेली, हे खरे. पण ठेवली गेली, आणि हरल्यावर ती रडीची सबब झाली नाही. मर्यादित सरकार म्हणजे काय, असे कोणी तरुणाने विचारले तर त्याला परदेशी पंडितांची नावे सांगू नका. 1966 चा डिसेंबर सांगा. सरकार पक्षकार असेल तिथे सरकारने पंच होऊ नये, हे तत्त्व आपल्या हातून, आपल्या तोट्यात पाळले गेले. तोट्यात पाळले तेच खरे तत्त्व. फायद्यात तर सगळेच पाळतात.

आता घरचा अहेर. पुढच्या परीक्षेत आपण नापास झालो.

डिचोली तालुक्यातले मये गाव आपण सगळे जाणतो. तळे पाहायला पाहुण्यांना घेऊन जातो. त्या गावातली बहुतांश जमीन एका पोर्तुगीजकालीन सरदार घराण्याच्या नावावर होती. मुक्तीनंतर मालक पोर्तुगालात राहिले. मग 1964 च्या कायद्याने ही मालमत्ता परागंदा मालकाची ठरली आणि सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. कस्टोडियन म्हणजे राखणदार. राखण कोणासाठी? ज्यांचे आजे-पणजे त्या जमिनीत राबले, ज्यांच्या तुळशी त्या अंगणात आहेत, ते तिथेच राहात होते. पण एक-चौदाच्या उताऱ्यावर त्यांचे नाव मालक म्हणून लागेना. घर वाढवायचे, भाऊ वेगळे व्हायचे, बँकेचे कर्ज काढायचे म्हटले की प्रश्न एकच, कागद कुठे आहे? सरकारे आली आणि गेली. संघप्रदेशाचे 1987 साली राज्य झाले. जमीनदारी मोडणारा कायदा मयेसाठी झाला तो 2014 साली. मध्ये पन्नास वर्षे गेली. आणि त्या कायद्यानेही जमीन आधी सरकारकडे घेतली. मग लोकांनी अर्ज करायचे, पुरावे जोडायचे आणि सनदेची वाट पाहायची.

पोर्तुगीज सरकारने कोणाची वस्ती अशी पन्नास वर्षे अधांतरी ठेवली असती, तर आपण पोवाडे रचले असते. मयेवासी झगडत होते, मोर्चे काढत होते. आणि आपण? या भाषणासाठी आम्ही आपल्याच पत्रकाचे जुने अंक चाळले. स्नेहसंमेलनाचे वृत्तान्त आहेत, नाट्यस्पर्धांचे निकाल आहेत, मराठीच्या राजभाषापदावर तर अंकामागून अंक आहेत. मयेवर, आपल्या दारातल्या मयेवर, एक सबंध पान आम्हाला सापडले नाही. का? सरकार आपल्या माणसांचे होते. बोललो तर आपलेच नाव खराब होईल असे वाटले. मंत्री संमेलनाला पाहुणे म्हणून यायचे होते. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही. पत्रक आमचे, लेखणी आमची, मौनही आमचेच.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. सरकारला मर्यादा घाला म्हणता, मग कुळाला आणि मुंडकाराला भाटकाराच्या तावडीतून कोणी सोडवले? सरकारनेच ना? होय, सरकारनेच. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा, 1976 ची कसेल त्याची जमीन ही दुरुस्ती. आपल्यात भाटकारांची घराणी आहेत तशी कुळांचीही आहेत. दोघांसमोर स्पष्ट सांगतो. मुंडकाराचा उंबरा हाही उंबराच आहे. बलदंडाने दुबळ्याला घराबाहेर काढू नये हे पाहणे सरकारचे पहिले काम. मर्यादित सरकार म्हणजे दुबळे सरकार नव्हे. विहिरीला कठडा असतो म्हणून पाणी आटत नाही, पोर आत पडत नाही इतकेच.

कठडा म्हणजे नियम. सर्वांना सारखा, आधी जाहीर केलेला, आणि सरकारलाही बांधणारा. त्याच्या उलट आहे मेहेरबानी. अमक्याची फाईल पुढे, तमक्याची मागे. गोव्याच्या जमिनीचे आज जे चालले आहे, त्यात खरे दुखणे हेच आहे. 2023 साली पेडणे तालुक्याचा झोनिंग आराखडा आला. कुठले शेत, कुठला डोंगर, कुठले भाट उद्या कशासाठी वापरले जाणार, हे गावकऱ्यांना कागद हाती आल्यावर कळले. त्या वेळी मात्र पेडणेकर उठले. पक्ष विसरून उठले, सत्तेतल्या आमदारांनाही बोलावे लागले, आणि तो आराखडा सरकारला गुंडाळावा लागला. मग 2024 साली नगरनियोजन कायद्यात दुरुस्ती झाली आणि एकेका अर्जावर एकेका जमिनीचा झोन बदलण्याची वाट मोकळी झाली. लोकांना हरकती घ्यायला तीस दिवस.

कोणी म्हणेल, तुम्ही तर स्वातंत्र्यवादी. मालकाला आपल्या जमिनीचा झोन बदलून मिळत असेल तर तुम्हाला आनंदच व्हायला हवा. नाही, आनंद होत नाही. सर्वांना एकच नियम असेल तर ते स्वातंत्र्य. ज्याचा हात वर पोहोचतो त्याचा झोन बदलतो आणि शेजारच्याची विहीर आटते, ती मेहेरबानी. त्यात मालक मोकळा होत नाही, तो मिंधा होतो. लग्नपत्रिकेवर शिक्का मारणारा सेन्सॉरही काही पत्रिका मंजूर करीतच असे. म्हणून आपण त्याला स्वातंत्र्य म्हटले नाही.

जमिनीबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवा. आपल्या राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत होता. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला आणि साधा घटनात्मक हक्क झाला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, इतकेच संरक्षण उरले. भूसंपादनाला तर देशात 2013 चा नवा कायदा होईपर्यंत इंग्रजांचा 1894 चा कायदा चालू होता. इंग्रजांचे राज्य ज्या गोव्यावर कधीच नव्हते, त्या गोव्यालाही मुक्तीनंतर तोच लागू झाला! राज्यकर्ते जातात, पण त्यांची हत्यारे पुढच्यांना सोयीची वाटतात. विमानतळ असो, खाण असो, औद्योगिक वसाहत असो, लोकहिताचा प्रकल्प होऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याची जमीन जाते त्याला आधी विचारा, पुरते द्या, आणि देताना उपकार केल्यासारखे देऊ नका.

आता उरली ती आमची स्वतःची गोष्ट. आपल्या सभागृहाचे छप्पर गळते आहे. यंदाच्या पावसात व्यासपीठावर बादल्या ठेवाव्या लागल्या, हे आपण पाहिलेच. त्यासाठी निधी देऊ, असा निरोप एका वजनदार माणसाकडून आला. निरोप आणणारा गृहस्थ सज्जन, आपल्याच ओळखीचा. उठता उठता तो हसत म्हणाला, "तुमच्या पत्रकात ते जमिनीचे विषय जरा कमी करा हां. उगाच कशाला?"

धमकी नव्हती. सल्ला होता. कार्यकारिणी रात्री उशिरापर्यंत बसली. मतभेद झाले, आवाज चढले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "पैसा सरकारचा म्हणजे आपलाच. घ्यावा आणि लिहावेही." दुसरे म्हणाले, "एक वर्ष गप्प बसलो तर कोणते आकाश कोसळणार आहे?" त्यांचेही चूक म्हणता येत नाही. मुले पावसात तालमी करतात, त्यांची काळजी त्यांना होती. शेवटी एका बाईंनी विचारले, "मयेबद्दल आपण गप्प बसलो, तेव्हा आपल्याला कोणी छप्पर देऊ केले होते का? फुकटच गप्प बसलो ना?" त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

निधी नाकारायचे ठरले. बहुमताने ठरले, एकमताने नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ज्यांचे मत वेगळे होते ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि जेवणाची सारी व्यवस्था त्यांनीच पाहिली आहे. 1967 चा वारसा म्हणतात तो हाच.

मग करायचे काय? चार साध्या गोष्टी सांगतो. पहिली, ग्रामसभेला जा. 1994 च्या पंचायत राज कायद्याने दिलेले ते आपले हक्काचे व्यासपीठ आहे. तिथे दहा माणसे बसतात आणि मग गाव विकले गेले म्हणून आपण गळे काढतो. दुसरी, हरकत तोंडी घेऊ नका. मुदतीत, लेखी द्या, पोच घ्या आणि नक्कल जपून ठेवा. तिसरी, मुलाच्या नोकरीसाठी पुढाऱ्याच्या अंगणात उभे राहणे जमेल तितके टाळा. आम्हाला ठाऊक आहे हे बोलणे सोपे आहे आणि घरात बेकार पोरगा असला की पाळणे अवघड. पण ज्या दिवशी ती नोकरी मेहेरबानी म्हणून घ्याल, त्या दिवशी घरातली सगळी मते त्या अंगणात गहाण पडतील. चौथी, विरोधकाचे तोंड बंद करू नका. जो कोकणीचा कैवारी आहे, जो आपल्याविरुद्ध लिहितो, त्यालाही आपल्या पत्रकात जागा द्या. मराठी सरकारच्या शिक्क्यावर जगलेली नाही. पेडण्याच्या जत्रेत रात्रभर दशावतार रंगतो तो कोणत्या कायद्याच्या कलमामुळे? 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या, तेव्हा मराठीची जी शान वाढली ती कोणत्याही अनुदानाने वाढली नसती.

पुढच्या अंकापासून आपल्या पत्रकात मयेसाठी दोन पाने राखून ठेवली आहेत. तिथल्या लोकांनी आपल्या शब्दांत लिहावे, आम्ही काट मारणार नाही. उशीर झाला आहे, याबद्दल त्यांची या व्यासपीठावरून क्षमा मागतो.

छपरासाठी दाराशी एक पेटी ठेवली आहे. ज्याला जमेल त्याने जमेल ते टाकावे. कोणी किती टाकले हे लिहून घेतले जाणार नाही. पैसे जमेपर्यंत बादल्या आहेतच.

एवढे बोलून आपली रजा घेतो. जेवण तयार आहे.